वॉर्सातली राडारोड्याची टेकडी

घरात बांधकाम काढलं की सगळ्यांत मोठी डोकेदुखी असते ती राडारोड्याची. एक न्हाणीघर फोडलं तरी वीस-पंचवीस गोणी भरतात. त्या जिन्यात किती दिवस ठेवायच्या यावरून शेजाऱ्यांशी बोलाचाली होते, आणि एकदा टेम्पोवाला तो माल घेऊन गेला की तो कुठे गेला हे आपण विचारत नाही.

१९४५ च्या जानेवारीत हा प्रश्न एका देशाच्या राजधानीपुढे उभा राहिला. पोलंडमधलं वॉर्सा हे शहर व्हिस्तुला नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेलं आहे. जुनं, मुख्य शहर डाव्या तीरावर. तिथल्या दर शंभर इमारतींपैकी साधारण पंच्याऐंशी पडलेल्या होत्या किंवा आतून जळून नुसत्या भिंती उरल्या होत्या. रस्ते दिसत नव्हते, कारण दोन्ही बाजूंची घरं रस्त्यावर येऊन पडली होती. हा सगळा माल कुठे गेला? त्याचा माग काढत गेलं की आपण शहराच्या दक्षिणेकडे, चेर्न्याकुफ नावाच्या भागात नदीकाठच्या सखल जमिनीवर उभ्या असलेल्या एका टेकडीपाशी पोहोचतो. भोवतालच्या जमिनीपासून ती तीस मीटरहून थोडी जास्त उंच आहे, म्हणजे दहा मजली इमारतीएवढी. तिच्यावर आणि तिच्याभोवती आज ८.३ हेक्टरांची, म्हणजे सुमारे वीस एकरांची बाग आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात ही बाग नव्या रूपात लोकांसाठी खुली झाली आणि २०२४ मध्ये तिला युरोपातल्या उत्तम सार्वजनिक जागांसाठी बार्सिलोनाहून दिला जाणारा पुरस्कार मिळाला.

बाग छान आहे म्हणून मी हे लिहायला बसलेलो नाही. पडलेल्या घरांपासून टेकडी, टेकडीपासून जंगल आणि जंगलापासून बाग, हा प्रवास कसा घडतो ते समजून घेण्यासारखं आहे. त्यात स्थापत्य आहे, मातीचं शास्त्र आहे, वनस्पतिशास्त्र आहे, आणि मेलेल्या माणसांचं काय करायचं हा प्रश्नही आहे. हे सगळे धागे एकाच ढिगाऱ्यात अडकलेले आहेत.

शहर तीनदा पाडलं गेलं

पहिल्यांदा सप्टेंबर १९३९ मध्ये, जर्मन विमानांनी आणि तोफांनी. दुसऱ्यांदा १९४३ मध्ये. शहराच्या एका भागाला भिंत घालून जर्मनांनी चार लाखांहून जास्त ज्यू माणसांना आत कोंडलं होतं. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या बहुतेकांना आगगाड्यांत भरून त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेलं. जे उरले त्यांनी १९ एप्रिल १९४३ रोजी हत्यारं उचलली. तो उठाव मोडल्यावर ती सगळी वस्ती घर न् घर पाडून सपाट करण्यात आली.

तिसऱ्यांदा १९४४ मध्ये. १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता पोलंडची भूमिगत ‘गृहसेना’ जर्मनांविरुद्ध रस्त्यावर उतरली. लढाई ६३ दिवस चालली. दीड ते दोन लाख साधी माणसं मारली गेली. एकट्या व्होला या भागात ऑगस्टच्या सुरुवातीच्या काही दिवसांत हजारो लोकांना घरांतून बाहेर काढून गोळ्या घालण्यात आल्या. २ ऑक्टोबरला उठाव संपला आणि उरलेल्या लोकांना शहराबाहेर हाकलण्यात आलं.

त्यानंतर जे झालं त्याला लढाई म्हणता येत नाही. शहर रिकामं होतं, समोर शत्रू नव्हता. जर्मनांनी खास पथकं नेमली आणि सुरुंग लावून, आगी लावून रस्त्यामागून रस्ता संपवत नेला. वाचनालयं जाळली, संग्रह जाळले, राजवाडे उडवले. साक्सन राजवाडा त्यांनी डिसेंबरच्या अखेरीस उडवला, म्हणजे स्वतः शहर सोडून पळण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी. १७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत आणि पोलिश सैन्य आत आलं तेव्हा त्या ओसाड शहरात, तळघरांत लपून राहिलेली मोजकी माणसं सोडली तर कोणीही नव्हतं.

चेर्न्याकुफच्या टेकडीत हे तिन्ही विध्वंस एकत्र मिसळलेले आहेत. कोणती वीट १९३९ ची आणि कोणती १९४४ ची, हे आता कोणालाही वेगळं करता येणार नाही.

सत्तर लाख ब्रास

वॉर्सातला एकूण राडारोडा २ कोटी घनमीटरांहून जास्त होता असा अंदाज सांगितला जातो. घनमीटर आपल्या डोळ्यांपुढे चटकन येत नाही. आपल्याकडे वाळू, खडी, मुरूम ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. त्या हिशोबानं हा माल सत्तर लाख ब्रास भरतो. चार ब्रासचा डंपर धरला तर साडेसतरा लाख खेपा. आणि त्या वेळी वॉर्सात डंपर नव्हतेच म्हणा ना. होत्या त्या घोडागाड्या, थोडेफार ट्रक, अरुंद रुळांवरून ढकलायचे लोखंडी डबे, फावडी आणि हात.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. उभं घर बहुतांशी हवा असते. चार मजली इमारत कोसळली की तिचा ढिगारा एक-दीड मजल्यातच बसतो. पण रचलेली भिंत फोडली की ती मूळ जागेपेक्षा जास्त जागा खाते, कारण तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात. नीट रचलेल्या शंभर विटा आणि टोपलीतून ओतलेल्या शंभर विटा शेजारी शेजारी ठेवून पाहा. ढिगारा फुगतो. या पोकळ्या पुढे महत्त्वाच्या ठरतात; टेकडीचं खचणं, तिच्यातलं पाणी आणि तिच्यावरची झाडं, सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे.

आधी वीट वाचवायची

राडारोडा म्हणजे टाकाऊ माल, असं १९४५ च्या वॉर्सात कोणीही मानत नव्हतं. देशात सिमेंट नव्हतं, कोळसा नव्हता, वीटभट्ट्या बंद होत्या. लोक मात्र परतत होते आणि हिवाळा होता. तेव्हा ढिगाऱ्यातली प्रत्येक अखंड वीट म्हणजे पैसा होता.

जुन्या इमारतींत विटा चुन्यात बसवलेल्या होत्या, ही नशिबाची गोष्ट. चुन्याचा सांधा हातोडीच्या दोन टोल्यांत सुटतो आणि वीट पुन्हा वापरता येते. सिमेंटमधली वीट काढू गेलं तर वीटच फुटते. आपल्याकडेही जुना वाडा पाडला की त्याच्या विटांना गिऱ्हाईक असतं ते याच कारणानं. वॉर्सात लोकांनी रांगा लावून, हातोहात विटा पुढे देत लाखो विटा साफ केल्या. जुन्या शहराच्या पुनर्बांधणीत यान झाखवातोविच यांच्यासारख्या वास्तुविदांनी ढिगाऱ्यातून सापडलेले कोरीव दगड, चौकटींचे तुकडे, नक्षीचे भाग वेगळे काढून नव्या भिंतींत बसवले. इमारती कशा दिसत होत्या हे ठरवताना बेर्नार्दो बेलोत्तो या इटालियन चित्रकारानं अठराव्या शतकात काढलेली शहराची चित्रंही उपयोगी पडली. आज जागतिक वारसा म्हणून आपण जे जुनं वॉर्सा पाहतो, त्यात अस्सल जुने तुकडे आणि नवं काम असं शेजारी शेजारी नांदतं.

तरी विटा पुरल्या नाहीत. मग पश्चिमेकडच्या, युद्धानंतर जर्मनीकडून पोलंडला मिळालेल्या शहरांतून विटा आणल्या गेल्या. व्रोत्सवाफसारख्या शहरांत त्यासाठी दुरुस्त होऊ शकली असती अशीही घरं पाडली गेली. राजधानीच्या पुनर्जन्माची गोष्ट सांगताना ही बाजू मागे पडते. ती पडू नये.

ज्या विटा फुटल्या होत्या त्यांचा चुरा करून सिमेंटमध्ये खडीऐवजी वापरला. पोलिश लोक त्याला ‘ग्रुझोबेतोन’ म्हणतात, म्हणजे राडारोड्याचं काँक्रीट. विटेचा चुरा पाणी पितो, म्हणून हे काँक्रीट नेहमीच्यापेक्षा कमकुवत असतं. पण हलकं असतं आणि भिंतीत थंडी कमी शिरू देतं. त्याचे पोकळ ठोकळे पाडून घरं उभी राहिली.

यातलं सगळ्यांत विलक्षण आणि सगळ्यांत जड उदाहरण म्हणजे मुरानुफ. हीच ती ज्यू वस्ती, १९४३ मध्ये सपाट केलेली. तिथला ढिगारा इतका मोठा होता की तो उचलून नेणं परवडणारं नव्हतं. वास्तुविद बोहदान लाखेर्त यांनी ठरवलं की तो उचलायचाच नाही. ढिगारा दाबून त्याचे ओटे करायचे, त्याच ढिगाऱ्याच्या चुऱ्यापासून ठोकळे करायचे आणि त्या ओट्यांवर नवी घरं बांधायची. लाल विटेचा रंग दिसावा म्हणून भिंतींना गिलावा करायचा नाही, असंही त्यांनी योजलं होतं. या जागी काय घडलं ते रंगानं सांगावं, ही त्यामागची इच्छा. काही वर्षांतच ते उदास दिसतं म्हणून गिलावा केला गेला. आज मुरानुफमध्ये फिरताना काही इमारतींच्या दारापर्यंत जायला रस्त्यावरून चार-आठ पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्या का आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याचं पाऊल तिथे क्षणभर थांबतं.

मुरानुफमध्येच मीवा रस्त्यावर एक छोटा उंचवटा आहे. उठावाचे तरुण नेते मोर्देखाय आनिएलेविच आणि त्यांचे साथी ८ मे १९४३ रोजी इथल्या तळघरात मेले. १९४६ मध्ये त्याच रस्त्यावरच्या पडक्या घरांच्या राडारोड्याचा ढीग करून त्यावर दगड ठेवला गेला. त्यांचे देह आजही खालीच आहेत. ही टेकडी म्हणजे थडगंच आहे.

उरलेलं: टेकडी उभी कशी राहते

विटा निवडून झाल्या, चुरा करून झाला, ओटे भरून झाले. तरी उरलं ते म्हणजे चुन्याची भुकटी, गिलाव्याचे पापुद्रे, जळून तडकलेल्या विटा, कौलं, खापऱ्या, शेगड्यांच्या चकचकीत फरशा, वाकलेलं लोखंड, कोळसा झालेलं लाकूड. हा माल शहराच्या कडेला ठिकठिकाणी ओतला गेला. वॉर्सात अशा टेकड्या एकाहून अधिक आहेत. श्चेंशलिवित्से इथल्या टेकडीवर आज कृत्रिम उतारावर लोक वर्षभर स्की करतात. १९५५ मध्ये उजव्या तीरावर उभारलेल्या जुन्या स्टेडियमचा प्रेक्षकांसाठीचा चढही याच मालाचा होता.

बाजार समितीत धान्याची रास पाहिली असेल. ओतत गेलं तरी ती एका ठरावीक उतारापेक्षा उभी होत नाही, दाणे घरंगळतात. प्रत्येक सुट्या पदार्थाचा असा एक कोन असतो. कोरड्या वाळूचा तो तीस-चौतीस अंशांच्या आसपास भरतो. राडारोड्याचे तुकडे कोनाकोनांचे असल्यानं एकमेकांत अडकतात, म्हणून त्याचा उतार वाळूपेक्षा उभा टिकतो. पण टिकणं आणि बागेत लहान मुलांना खेळायला सोडण्याइतकं टिकणं यांत फरक आहे. म्हणून उतार कमी करतात, मध्ये मध्ये पायऱ्यांसारखे सपाट टप्पे काढतात, पाणी एका जागी साठून उतार घसरू नये म्हणून त्याला वाट देतात.

शिवाय टेकडी खचत राहते. पावसाबरोबर बारीक भुकटी पोकळ्यांत उतरते, आतलं लाकूड कुजतं, लोखंड गंजतं. सुरुवातीच्या वर्षांत हे जास्त होतं, मग मंदावतं, पण पूर्ण थांबत नाही. अशा टेकडीवर जड इमारत बांधायची तर पाया फार खोल न्यावा लागतो. बाग हा त्यावरचा सोपा उपाय ठरतो, कारण झाड थोडं कललं तरी चालतं.

विटेतून उगवलेलं रान

आता मला सर्वांत आवडणारा भाग. अशा ढिगाऱ्यावर काही उगवेल असं वाटत नाही, आणि तरी दोन-तीन वर्षांत तो हिरवा होतो. हे कसं होतं?

राडारोड्यात चुना भरपूर, म्हणून ही माती आम्लधर्मी नसते; तिचा सामू साधारण ७ ते ८ असतो. दगडाविटांमधून पाणी चाळणीसारखं निघून जातं. दक्षिणेकडचे उतार उन्हात तापतात. म्हणजे उत्तर युरोपच्या गार, ओल्या प्रदेशात मध्येच एक कोरडा, गरम, चुनखडीचा डोंगर तयार होतो.

पण विटेकडे एक गुण आहे. गवंडी बांधकामाआधी विटा पाण्यात भिजत घालतो ते आठवा. वीट पाणी शोषून धरते. ढिगाऱ्यातल्या लाखो विटा म्हणजे लाखो छोटे रांजण. बर्लिनच्या मृदाशास्त्रज्ञांनी अशा मातीचा अभ्यास करून दाखवलं की बारीक मुळं विटेच्या तुकड्यांतल्या छिद्रांत शिरतात आणि तिथलं पाणी आणि पोटॅशियमसारखी द्रव्यं घेतात. जी वीट एकेकाळी कोणाच्या तरी घराची भिंत होती, ती आता झाडाला पाणी पाजते. हे वाक्य मी सजावट म्हणून लिहिलेलं नाही. प्रयोगशाळेत तपासलेली ही गोष्ट आहे.

या मातीत नत्र मात्र जवळजवळ नसतं, कारण नत्र येतं कुजलेल्या पालापाचोळ्यातून. म्हणून सुरुवातीला येतात ती भुकेली, चिवट झाडं. त्यांत एक चाकवताच्या नात्यातली, चिकट पानांची, तीव्र वासाची तण होती. ती मूळची दक्षिणेकडची, पण बर्लिनच्या ढिगाऱ्यांवर तिनं अक्षरशः राज्य केलं. उत्तर अमेरिकेतून आलेला रॉबिनिया हा पांढऱ्या फुलांच्या घोसांचा वृक्ष शेंगावर्गातला आहे, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतलं नत्र मातीत आणतात, अगदी आपल्या हरभऱ्या-तुरीसारखे. म्हणून त्याला उपाशी जमीन चालते. चीनमधून बागांसाठी आणलेला आणि मग पळून शहरभर झालेला एक उंच वृक्षही या ढिगाऱ्यांवर फोफावला. तो आपल्या महारुखाचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला आणि एकाच प्रजातीतला, फक्त जात वेगळी. व्हिस्तुलाच्या खोऱ्यात त्यांच्या जोडीला उत्तर अमेरिकन मेपलही असतो.

रॉबिनियामुळे माती सुधारते, आणि तिथूनच पुढची अडचण सुरू होते. माती सुपीक झाली की जोमदार गवतं आणि झुडपं येतात, आणि कोरड्या, उपाशी जमिनीवरच जगणारी नाजूक फुलझाडं हटतात. म्हणजे एखाद्या माळावरची दुर्मीळ फुलं टिकवायची असतील तर रॉबिनिया काढावा लागतो, आणि तो काढला तर उतार धरून ठेवणारी मुळं जातात. अशा बागेत कोणताही निर्णय फुकट नसतो.

हे सगळं ज्ञान मोठ्या प्रमाणात बर्लिनमधून आलं. युद्धानंतर पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी साम्यवादी पूर्व जर्मनीनं वेढलेलं होतं. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना आसपासच्या ग्रामीण भागात जाता येईना, तेव्हा हर्बर्ट सुकोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्याच पडीक जागा अभ्यासायला घेतल्या. शहराच्या निसर्गाचं शास्त्र म्हणून आज जे शिकवलं जातं, त्याचा एक मोठा पाया या ढिगाऱ्यांवर घातला गेला.

धोकेही आहेत. जुन्या रंगांत आणि नळांत शिसं असायचं, ते मातीत उरतं. गिलाव्यातलं जिप्सम पावसात विरघळतं आणि त्यातलं सल्फेट भूजलात उतरतं. बर्लिनच्या टेकड्यांखाली हे मोजलं गेलं आहे आणि सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनंतरही ते चालू आहे. म्हणून अशा जागी भाजीपाला लावू नये, आणि खेळायच्या जागेवर चांगल्या मातीचा जाड थर द्यावा.

नाव नसलेली पन्नास वर्षं

पोलंडमध्ये माणसाच्या स्मरणार्थ टेकडी रचायची जुनी रीत आहे. क्राकुफ शहरात १८२० ते १८२३ या काळात लोकांनी तादेऊश कोश्चुश्को या स्वातंत्र्यवीरासाठी टेकडी रचली, तीत त्याच्या रणभूमींवरची माती आणून घातली. म्हणून चेर्न्याकुफचा ढीग वाढत होता तेव्हा तो पाहणाऱ्या पोलिश माणसाला तो नुसता उकिरडा वाटला नसणार.

पण त्याला नाव मिळालं नाही. युद्धानंतर आलेल्या साम्यवादी राजवटीला १९४४ चा उठाव अडचणीचा होता, कारण तो करणारी गृहसेना युद्धकाळात लंडनमध्ये आश्रयाला गेलेल्या पोलिश सरकारला मानणारी होती. गृहसेनेच्या अनेक सैनिकांना तुरुंगात टाकलं गेलं. शहराची पुनर्बांधणी गाजवली गेली, शहर का पडलं यावर मात्र बोलायचं नव्हतं. टेकडीवर रान माजत गेलं. तिला वाचवलं ते उठावातल्या एका जुन्या सैनिकाच्या, एउगेनिउश आयेफ्स्की यांच्या चिकाटीनं. त्यांच्या पुढाकारानं १९९४ मध्ये, उठावाच्या पन्नासाव्या वर्षी, माथ्यावर ‘कोतवित्सा’ उभारली गेली. ‘लढणारा पोलंड’ या शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेलं, जहाजाच्या नांगरासारखं दिसणारं हे चिन्ह युद्धकाळात पोरं रात्री भिंतींवर रंगवत असत. २००४ मध्ये टेकडीला अधिकृतपणे ‘वॉर्सा उठावाची टेकडी’ म्हटलं जाऊ लागलं.

आम्हा कोल्हापूरकडच्या लोकांना पोलंड तसा परका नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते वॉर्साचे नव्हते. पूर्व पोलंडमधून सोव्हिएतांनी सैबेरियाकडे हाकललेली ती माणसं होती आणि युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं पोलंडमध्ये उरली नव्हती. ते गेल्यावर त्याच छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले, आजचं गांधीनगर ते हेच. वॉर्सात माँते कासिनो या इटलीतल्या लढाईच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीची आठवण सांगणारं स्मारक आहे. तिथे जाणाऱ्या मराठी माणसानं त्याच दिवशी चेर्न्याकुफलाही जावं असं मला मनापासून वाटतं.

बाग करताना काय ठरवलं

अशी टेकडी बाग म्हणून नीट करायची तर दोन सोपे मार्ग असतात. एक, सगळं रान काढून वर चांगली माती टाकून हिरवळ करायची. दुसरा, मोठं स्मारक बांधायचं, ग्रॅनाइट लावायचा. वॉर्साच्या रचनाकारांनी, टोपोस्केप आणि आर्किग्रेस्ट या दोन संस्थांनी, दोन्ही टाळलं. आपोआप उगवलेलं बरंचसं रान त्यांनी राहू दिलं, परदेशी झाडांसकट. ती झाडं कोणी लावली नव्हती. शहर पडल्यावर तिथे सगळ्यांत आधी तीच आली होती.

आणि खणताना जो राडारोडा निघाला तो त्यांनी तिथेच वापरला. काही ठिकाणी तो तारेच्या जाळ्यांत भरून भिंती केल्या. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ओढ्यावर गॅबियन बंधारा घालतात, जाळीत दगड भरून, तीच ही पद्धत. काही ठिकाणी तो काँक्रीटमध्ये घालून भिंती ओतल्या, म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीचं ग्रुझोबेतोन पुन्हा आलं. फरक इतकाच की तेव्हा गरज होती म्हणून केलं आणि नंतर गिलाव्याखाली झाकलं. आता विटांचे तुकडे दिसावेत असंच ठेवलं आहे. टेकडीच्या अंगातून जाणाऱ्या वाटेवर हात लावला तर बोटांखाली लाल वीट येते. पाटी वाचावी लागत नाही.

माझ्या मते हा या बागेतला सगळ्यांत मोलाचा निर्णय आहे. त्याची किंमत कळायची तर बर्लिनकडे पाहावं लागतं. तिथल्या फ्रीड्रिशहाइन बागेत १९४१ मध्ये विमानविरोधी तोफांसाठी काँक्रीटचे प्रचंड बुरूज बांधले होते. युद्धकाळात संग्रहालयातली चित्रं सुरक्षित राहावीत म्हणून त्यांतल्या एकात ठेवली. मे १९४५ मध्ये तिथे लागलेल्या आगीत ४०० हून जास्त चित्रं जळाली, त्यांत काराव्हाज्जोची तीन होती. १९४६ मध्ये बुरूज सुरुंगानं उडवले, पण ते पूर्ण मोडेनात, म्हणून त्यांच्यावर वीसेक लाख घनमीटर राडारोडा ओतून दोन टेकड्या केल्या. पश्चिमेला टॉयफेल्सबर्ग ही समुद्रसपाटीपासून १२० मीटर उंचीची टेकडी तर एका अर्धवट बांधलेल्या नाझी लष्करी महाविद्यालयावर उभी आहे. १९५० ते १९७२ अशी बावीस वर्षं तिथे माल येत होता, आणि त्या एका टेकडीत सबंध वॉर्सातल्या राडारोड्याहून जास्त माल आहे. बर्लिनची मुलं हिवाळ्यात या टेकड्यांवरून घसरगाड्या सोडतात. खाली काय आहे ते वरून कळत नाही, आणि तेव्हाच्या लोकांना ते कळू नये असंच वाटत असणार. ज्यांनी युद्ध लादलं त्यांच्या शहराला गाडून टाकण्यासारखं पुष्कळ होतं. तरी सगळ्या जर्मनीनं झाकलं असंही म्हणता येणार नाही: स्टुटगार्टमधल्या बिर्केनकोफ टेकडीच्या माथ्यावर पडक्या इमारतींचे कोरीव दगड उघडेच ठेवले आहेत, लोक त्यांच्यावर बसून सूर्योदय पाहतात.

आजचा राडारोडा वेगळा आहे

युक्रेन आणि गाझा इथल्या पडलेल्या शहरांची चित्रं पाहताना साहजिकच वाटतं की तिथेही असंच काही करता येईल. ते इतकं सरळ नाही. १९४५ चा ढिगारा मुख्यतः वीट, चुना, लाकूड आणि लोखंडाचा होता. आजच्या ढिगाऱ्यात ॲस्बेस्टॉसचे पत्रे, प्लास्टिक, विजेच्या तारा, बॅटऱ्या, रासायनिक रंग असतात, न फुटलेले बॉम्ब तर तेव्हाही होते आणि आजही आहेत. ॲस्बेस्टॉसची धूळ श्वासातून गेली तर वर्षांनंतर कर्करोग होतो. गाझातल्या मालाचा अंदाज ४ कोटी टनांहून जास्त आहे, आणि त्यात बेपत्ता माणसांचे देह आहेत. तो ढिगारा उपसणं म्हणजे आधी हातानं शोधणं, मग वेगळं करणं, मग चुरा करणं. टेकडी रचायचा विचार त्यानंतर फार उशिरा येतो.

वॉर्सातही हा क्रम होताच. ढिगारे उपसताना रेड क्रॉसच्या माणसांनी अंगणांतून, फुटपाथांखालून, तळघरांतून हजारो देह काढले. व्होलातल्या दफनभूमीत एक लाखाहून जास्त लोकांचे अवशेष आहेत, बहुतेकांची नावं लागली नाहीत. ६ ऑगस्ट १९४६ रोजी तिथे ११७ शवपेट्यांची मिरवणूक निघाली होती. त्यांत शरीरं नव्हती, राख होती.

चेर्न्याकुफला दरवर्षी १ ऑगस्टला रात्री लोक लांबलचक जिना चढून माथ्यावर जातात. साक्सन राजवाडा उडवल्यावर त्याच्या मधल्या काही कमानीच तेवढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्याखाली अनाम सैनिकाची समाधी आहे. तिथल्या अखंड ज्योतीवरून पेटवलेला विस्तव टेकडीवर आणला जातो आणि कोतवित्साच्या पायाशी मोठी धुनी पेटते. ती ६३ दिवस राखली जाते, रात्रंदिवस पाळ्या लावून. २ ऑक्टोबरला ती विझवतात.